‘विश’ सापडत नाही

भूकंपात आमचं औशाचं घर पडलं नाही, हीच अडचण झाली. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून छतापर्यंत एक तिरका तडा गेला आणि घर उभं राहिलं. पडलं असतं तर पडलेल्यांत आमची गणती झाली असती. उभं होतं म्हणून कुणी विचारलं नाही, आणि तड्याकडे बघत आत झोपायची हिंमत आमच्यात नव्हती. अब्बांनी अंगणात पत्रे उभे केले, खाट बाहेर काढली, आणि ती खाट पुढे वर्षानुवर्षं बाहेरच राहिली. येईल त्याला अब्बा तडा दाखवायचे. गवंडी म्हणायचा, काही होत नाही. ओळखीतला ओव्हरसियर म्हणायचा, भरवसा नाही. मग चहा पिऊन दोघंही जायचे.

अब्बा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा धंदा. भूकंपानंतर आमच्या भागात इतकी ब्लँकेटं आली की घरोघरी थप्प्या लागल्या. पाठवणाऱ्यांचं भलं होवो, त्यांनी चांगल्या मनानंच पाठवली. पण पुढे कितीतरी हिवाळे रजई भरून घ्यायला कुणी आलं नाही. अम्मी दुसऱ्यांच्या उशांच्या खोळी शिवायची आणि मी त्या पोचवायला जायचे. वर्गात मी पहिली यायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. यायचेच.

अशा घरातून मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. आमच्या खानदानात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. घरात शेवटचा शब्द मोठ्या चाचांचा. ते म्हणाले, ‘चार साल बोले तो चार साल. पाँचवां साल नक्को. उसके बाद छोटे का नंबर.’ छोटा म्हणजे माझा भाऊ. त्याला लातूरला शिकवणीला घालायचं होतं. तेव्हा लातूरला शिकवणी म्हटलं की लोक रांगा लावायचे. थोडक्यात, माझी कुठं गाडी अडली तर पाचवं वर्ष मिळणार नव्हतं. तशीच घरी येऊन खोळी शिवायच्या.

आणि गाडी अडवायला आमच्या कॉलेजात एक माणूस पुरेसा होता. आमचे सर.

सरांचं नाव मी लिहीत नाही, कारण ते स्वतः कधी कुणाचं नाव घेत नसत. विद्यार्थ्याला ते गावानं हाक मारत. हजेरीतसुद्धा. ‘देगलूर हाय का? उमरी? मुखेड कुठं मेलं?’ मी औसा. माझा प्रोजेक्टमधला जोडीदार शेतकऱ्याचा मुलगा होता, तो रेणापूर. एका गावचे दोघं निघाले की उंच असेल तो ‘खुर्द’ आणि बुटका असेल तो ‘बुद्रुक’. उलटंच, पण चालायचं. एकदा मी चिडून विचारलं, ‘सर, आम्हाला नावं नाहीत का?’ तर म्हणाले, ‘नावावरून जात कळती, औसा. गावावरून फक्त यष्टीचा टाइम कळतो. माझं तेवढ्यात भागतं.’ माझ्यासारखीला तर हे बरंच होतं. पण चारचौघांत ‘ए औसा, फळा पूस’ ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसरी तऱ्हा म्हणजे त्यांची लॅब. कॉलेजातल्या बाकीच्या लॅबमध्ये टेबलं होती. सरांच्या लॅबमध्ये सगळे कॉम्प्युटर जमिनीवर, पाटांवर मांडलेले, आणि आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसायचो. भूकंप झाला तेव्हा सर लातूरजवळ कुठंसं खोली घेऊन राहायचे, आणि त्या पहाटे त्यांच्या अंगावर पुस्तकांचं कपाट पडलं होतं. खांदा निखळला तो पुरता कधी बसलाच नाही. तेव्हापासून उंचावर ठेवलेली वस्तू त्यांना दुश्मन. ‘खाली ठेवलेलं पडत न्हाई,’ असं म्हणायचे आणि प्रिन्सिपॉल आले तरी त्यांनाही सतरंजी दाखवायचे. फरशीवर बसून आमचे पाय बधिर व्हायचे. मी घरी हे सांगितलं तर अब्बांनी उरल्यासुरल्या कापसाच्या छोट्या गाद्या भरून औशाहून बसमध्ये टाकून दिल्या. सरांनी एक दाबून बघितली, तिच्यावर बसले, आणि म्हणाले, ‘औसा, तुझे अब्बा इंजिनिअर हायेत.’ त्या दिवशी मला सर पहिल्यांदा आवडले. दुसऱ्या दिवशी परत डोकं फिरवलं.

कारण तिसरी तऱ्हा. मोठ्यानं वाचणं.

मी त्यांना नांदेडच्या आधीपासून ओळखते. बारावीला मी लातूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायचे, तेव्हा मी जायचे त्या शिकवणीत सर गणित शिकवायला आले होते. मोठा हॉल, हातात माइक, समोर मुलांचा बाजार. बाकीचे मास्तर तासात गणितांचा पाऊस पाडायचे. हे एक गणित घ्यायचे. एका मुलाला उभं करायचे आणि म्हणायचे, ‘वाच. मोठ्यानं.’ मुलानं वाचलं की, ‘काय विचारलंय?’ मुलगा उत्तर सांगायला लागायचा. ‘उत्तर न्हाई विचारलं. काय विचारलंय ते सांग.’ असं करत तास संपायचा आणि गणित फळ्यावर तसंच राहायचं.

पालक भेटायला आले. ‘सर, पोर्शनचं कसं करायचं?’ सर म्हणाले, ‘तुमच्या पोराला प्रश्न वाचता येईना झालाय. पोर्शनचं काय लोणचं घालता?’ त्या आठवड्यात शिकवणीवाल्यांनी शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. सत्कार करूनही माणसाला हाकलता येतं, हे मी तिथं शिकले.

चौथी तऱ्हा म्हणजे ‘लागतं तेवढंच’. चहा अर्धा कप. शर्टाचं गळ्याचं बटण लागत नाही म्हणून तोडून टाकलेलं. पेनाचं टोपण लागत नाही म्हणून खिशाला शाईचा डाग. या तऱ्हेनं पुढे माझा जीव काढला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आलं. बाकीची मुलं दुकानातून तयार प्रोजेक्ट आणत, बाइंडिंगसकट. वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद, दवाखान्याच्या पेशंटची नोंद. माझ्या नशिबी मार्गदर्शक म्हणून सर आले. त्यांनी बोलावलं आणि विचारलं, ‘औसा, घराला तडा हाय का?’

‘आहे, सर.’

‘उभा का आडवा?’

‘तिरका. दाराच्या कोपऱ्यातून.’

‘मग? राहण्याजोगं हाय का न्हाई?’

‘कुणी धड सांगतच नाही, सर.’

‘बस. हेच प्रोजेक्ट. मशीननं तड्याचं विचारायचं, भिंत कशाची ते विचारायचं, छतावर माती किती ते विचारायचं, अन् धड सांगायचं.’

कल्पना मला पटली, खोटं कशाला बोलू. पण सरांनी ते लिस्पमध्ये करायला लावलं. लिस्प ही कॉम्प्युटरची एक जुनी भाषा. नियमांवरून निष्कर्ष काढायला चांगली, पण जिकडं बघावं तिकडं कंस. रेणापूर म्हणायचा, ‘आमच्या बोरीला एवढे काटे नसतेत.’ तरी आम्ही केलं. लातूरच्या एका रिटायर्ड इंजिनिअरच्या घरी बसून नियम गोळा केले, गवंड्यांना विचारलं, आणि काळ्या पडद्यावर प्रश्न विचारून बरोबर उत्तर देणारा प्रोग्राम उभा केला. मी सरांना दाखवला. मला वाटलं, झालं.

सर म्हणाले, ‘खिडकी कुठंय?’

‘सर, उत्तर बरोबर येतंय ना?’

‘माझी अक्का भोकरला हाय. काळ्यावर पांढरी अक्षरं बघितली की तिला शाळेतला मार आठवतो. तिच्यासाठी खिडकी पाहिजे. हाव म्हणायचं एक बटण, न्हाई म्हणायचं एक बटण. खिडकी नसलेलं घर मी पास करत नसतो.’

लिस्पमध्ये खिडक्या अन् बटणं करून देणारं तयार सामान इंटरनेटवर फुकट मिळायचं. त्याला लायब्ररी म्हणतात. रेणापूरनं सायबर कॅफेतून ती सीडीवर आणली आणि आम्ही ती मशीनवर बसवायला घेतली. आणि तिथं आमचं घोडं अडलं.

आधी मशीन म्हणालं, लायब्ररी सापडत नाही. ती चुकीच्या फोल्डरमध्ये होती, हलवली. मग जुन्या फायली नव्याशी जुळेनात, त्या पुसल्या. मग सगळं सुरळीत चढलं. आम्ही श्वास रोखून खिडकी उघडायचा हुकूम दिला, तर पडदाभर इंग्रजी ओकून मशीन गप्प. त्या लांबलचक मजकुराखाली पर्याय यायचे, आणि शून्य दाबलं की त्यातून सुटका व्हायची. मी पहिली ओळ बघायचे आणि शून्य दाबायचे. रेणापूरचा एकच इलाज, ‘परत टाकू का?’ परत टाकायचं, परत तेच. सायबर कॅफेवाला त्याला जावई समजायला लागला, इतक्या सीड्या त्यानं भरून आणल्या.

तपासणीची तारीख लागली. बाहेरून परीक्षक येणार होते. मी सरांकडे गेले. ‘सर, तुम्हीच बघा आता. काय होतंय ते सांगा.’

‘मला काय माहीत?’

‘सर, तुम्हीच खिडकी पाहिजे म्हणालात.’

‘म्हणालो. वाच.’

‘वाचलंय मी.’

‘मोठ्यानं.’

तो माणूस गादीवर डोळे मिटून बसला. इथं माझं वर्ष चाललं होतं, घरी चाचा बोटं मोजत होते, आणि याला गोष्ट ऐकायची होती. मी दात-ओठ खात वाचायला लागले. पडद्यावरचं एकेक अक्षर. मधेच एक ओळ आली: ‘कुडन्ट एक्झिक्यूट विश.’

‘काय? विष?’

‘विश, सर.’

‘विषच म्हणून राहिली तू. मशीनमधी विष कुठून आलं?’

रेणापूर हळूच म्हणाला, ‘फवारणीचं आसल, सर.’

‘विश म्हणजे इच्छा!’ माझा आवाज चढला. ‘तुमची इच्छा पूर्ण करता येत नाही, असं म्हणतंय ते. त्यात काय वाचायचं?’

सरांनी डोळे उघडले. ‘तुमची कुठं लिहिलंय?’

‘काय, सर?’

‘तुमची इच्छा म्हणालीस. तुमची हा शब्द कुठंय? बोट ठेव.’

मी बोट ठेवायला गेले. शब्द नव्हता. तो मी घातला होता. आम्ही मराठी शाळेत शिकलेली माणसं. सरकारी पत्रात इंग्रजीत ‘वुई रिग्रेट’ असतं, तसं हे मशीनचं दिलगिरीचं वाक्य असेल असं मी पहिल्या दिवशीच धरून चालले होते. पुढे ‘अशी फाइल नाही’ असं लिहिलेलं असायचं. त्यावरून लायब्ररीच्याच फायली कमी आहेत समजून आम्ही त्या परत परत आणत होतो.

‘एवढं अदबीचं मशीन!’ सर म्हणाले. ‘निजामाच्या दरबारात होतं का? आजपतुर त्यानं तुझी कधी माफी मागितली? रेणापूर, तुझी?’

‘न्हाई, सर. शिव्याच दिल्या.’

‘मग आजच कसं लाडात आलं?’ ते पुढं सरकून पडद्याशी नाक लावून बसले. ‘औसा, ही इच्छा न्हाई. हे नाव हाय. मशीन कुणाला तरी नावानं हाक मारून राहिलं, अन् तो घरी न्हाई.’

ज्या माणसानं जन्मात कुणाला नावानं हाक मारली नाही, त्याला हे कळावं! विश नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. खिडकी प्रत्यक्षात तो काढतो. आमची लायब्ररी नुसती त्याला निरोप देणारी. आणि तो आमच्या मशीनवर नव्हताच.

‘का नाही, सर?’

सर पडद्यापासून मागं सरकले. मग म्हणाले, ‘सीड्या तीन व्हत्या. एकीवर भागलं.’

लॅबमधली मशीनं सरांनी स्वतः भरली होती. मशीन चालवणाऱ्या मूळ सिस्टिमच्या तीन सीड्यांच्या संचातली पहिली टाकली, मशीन चालू झालं, लागतं तेवढंच म्हणून उरलेल्या दोन काढून टाकल्या. रेणापूरनं सायबर कॅफेतून नुसता विश आणून बघितला. पण तो आमच्या मशीनच्या मानानं फार नवा निघाला. त्याला आणखी एक प्रोग्राम पाहिजे, त्या प्रोग्रामला आणखी दुसरा, लग्नातल्या रुसव्याफुगव्यांसारखं. आमच्या जुन्याच सीड्या पाहिजे होत्या.

‘कुठं टाकल्या, सर?’

‘टाकल्या न्हाईत. अक्काला दिल्या. पाखरं हाकायला.’

मी त्यावर काय बोलले ते लिहीत नाही. सर होते ते.

आम्ही तिघं बसनं भोकरला गेलो. रस्ताभर मी सरांशी बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. अक्काच्या शेतात ज्वारीची कणसं भरत आली होती, आणि मधोमध काठ्यांना दोऱ्यांनी बांधलेल्या दोन सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत लखलखत होत्या. माझं वर्ष तिथं टांगलेलं होतं.

सर दोरा सोडायला लागले तशी अक्का बांधावरून ओरडली, ‘हात लावू नको, मास्तर! दिल्या म्हंजी दिल्या. पाखरं तू राखणार व्हय?’

‘अक्का, पोरीचं वर्ष चाललंय.’

‘तुझ्या वेंधळेपणानं चाललं आसल. लहानपणापास्नं असाच हाय ह्यो,’ हे मला. ‘शाळेत पाटी लागत न्हाई म्हणून गायीला चारा घालायला वापरायचा. तुला कसा पास करणार?’

‘तेच मी विचारून राहिले, अक्का,’ मी म्हणाले. नांदेडचं पाणी माझ्याही जिभेला लागलं होतं.

शेवटी तोड रेणापूरनं काढली. त्याच्या पिशवीत आमच्या फसलेल्या सीड्यांची चवड होती. परत टाकू, परत टाकू करत जमलेली. त्यानं त्या दोऱ्यात ओवून काठ्यांना बांधल्या. अक्कानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. ‘ह्या ज्यास्त चमकतात. जा घेऊन त्या जुन्या.’ आमची सगळी मेहनत शेवटी भोकरच्या ज्वारीच्या कामी आली.

सीड्यांवर धूळ होती, चिकटा होता, एकीवर पाखरानं सरळ आपलं मत दिलं होतं. लॅबमध्ये मी गादीचा एक टाका उसवून कापूस काढला. कापूस किती ओला करायचा, किती हलक्या हातानं फिरवायचा, हे पिंजाऱ्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. दुसरी सीडी मशीननं नाकारली. तिसरी घरघरत राहिली, थांबली, परत घरघरली, आणि विश तिच्यावर सापडला.

हुकूम दिला. पडद्यावर एवढीशी राखाडी खिडकी उघडली. वर रोमन अक्षरांत मराठी प्रश्न, खाली दोन बटणं. हाव. न्हाई.

रेणापूरनं टाळी वाजवली. मी सरांकडे बघितलं. निदान आज तरी हा माणूस शाबास म्हणेल.

‘वाच,’ सर म्हणाले.

‘सर, हे आपणच लिहिलंय!’

‘मग बरोबर लिहिलंय का ते कळंल. मोठ्यानं.’

आणि खरंच एका प्रश्नात ‘तडा’च्या जागी ‘ताडा’ पडलेलं निघालं. अशा वेळी राग येऊ नये तर काय यावं?

परीक्षक आले ते गुडघे धरून. लॅबच्या दारातच म्हणाले, ‘खुर्ची नाही?’

‘पडती,’ सर म्हणाले, आणि अब्बांची गादी पुढं सरकवली. पास-नापास ज्याच्या हातात, त्याला जमिनीवर बसवायचं? परीक्षक कण्हत बसले आणि मला म्हणाले, ‘लिस्पमध्ये का केलंत? सोपं काही मिळालं नाही?’

मी म्हणाले, ‘सर, आधी तुमच्या घराची उत्तरं देऊन बघा. मग सांगते.’ एवढा ताठा माझ्यात होता, आणि तो मी औशाहून आणला होता.

त्यांनी हसत हसत बटणं दाबली. भिंत दगड-मातीची? हाव. छतावर माती? हाव. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा? इथं त्यांचं बोट थांबलं. मग हाव. तडा रुंद होतोय? ते जरा विचारात पडले. हाव. खिडकीत उत्तर आलं: ‘या खोलीत झोपू नका. जाणकाराला दाखवा.’

परीक्षक हसायचे थांबले. ‘माझे वडील झोपतात त्या खोलीत,’ ते म्हणाले. ‘हे कशावरून काढलं?’ मी उत्तराखालचं ‘का?’ हे बटण दाबलं आणि मशीननं एकेक कारण सांगितलं, कोणता नियम कुठं लागला ते सगळं. लिस्प का, याचं ते उत्तर होतं. गुडघ्यांची तक्रार विसरून ते उठले आणि फोन कुठं आहे म्हणून विचारत ऑफिसकडे गेले. परत येऊन त्यांनी सही केली.

मी सरांना म्हणाले, ‘सर, झालं.’

‘काय झालं? पुरतं सांग.’

‘मी पास झाले, सर.’

‘हां,’ सर म्हणाले. ‘आता मला ऐकू आलं.’

औशाला गेल्यावर अब्बांनी विचारलं, ‘खुली क्या तेरी खिडकी?’ मी हौ म्हणाले. मग आमच्या घराबद्दल मशीन काय म्हणालं ते सांगितलं: दारावरची भिंत उतरवा, नव्यानं बांधा, तोवर आत झोपू नका. अब्बांनी दाराशी जाऊन तड्यावर हात ठेवला. ‘चलो,’ ते म्हणाले, ‘कोई तो साफ बोला.’

मी चार वर्षांत इंजिनिअर झाले, आमच्या खानदानातली पहिली. भाऊ लातूरला शिकवणीला गेला. नोकरी लागल्यावर ती भिंत उतरवून नवी बांधली, आणि अब्बांची खाट आत आली.